चिमट्याचं सोवळं

तीस वर्षं मी परक्यांचे पाय धुतले, आणि त्यातली पहिली आठ वर्षं एकाही पायाला हात लावला नाही. हे वाचून संपादकांना वाटेल, म्हातारा पहिल्याच ओळीत घसरला. घसरलो नाही. आमचा धंदाच तसा होता.

मी तंजावरच्या एका मिशन दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे काय, हे पुण्याकडच्या वाचकांना सांगायला हवं, कारण माझ्या लग्नात मुलीकडच्यांना वाटलं होतं की नवरामुलगा शिंपीकाम करतो. डॉक्टर कापतो, नर्स ताप बघते, कंपाउंडर बाटल्या भरतो, आणि उरलेलं जे वाहतं, सडतं, वास मारतं ते सगळं ड्रेसरच्या टेबलावर येतं. आमच्याकडे निम्मा जिल्हा भाताच्या चिखलात उभा. तेव्हा जखमा बहुतेक पायाच्याच. कोयता लागलेले पाय, बैलानं तुडवलेले पाय, कोणा वैद्यानं शेण आणि चुना थापून पाठवलेले पाय. सकाळी सातला मी पहिली पट्टी सोडायचो आणि बारा वाजेपर्यंत मान वर करायचो नाही.

जखमेला बोट लावायचं नाही, हा तिथला पहिला नियम. एका चिमट्यानं घाण बोळा काढायचा, दुसऱ्यानं स्वच्छ बोळा धरून पुसायचं. पाय धरायला, उचलायला आया असे. रबरी हातमोजे होते, पण ते ऑपरेशनचे. धुऊन, पावडर लावून, भोकांना ठिगळं चिकटवून ते कपाटात असे ठेवलेले असत की आमच्या घरी देवसुद्धा इतके जपून ठेवत नसत. ड्रेसरला चिमटे. माझा चिमट्यावर हात असा बसला होता की मी दोन चिमट्यांनी पट्टीची गाठ मारायचो, आणि शिकाऊ नर्सांना ती बघायला माझ्याकडे पाठवत. हे मी फुशारकीनं सांगतोय. सांगू द्या, पुढे फुशारकी मारण्यासारखं फार काही नाही.

आता दुसरी बाजू. आम्ही देशस्थ. मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आलो. राज्य गेलं, आम्ही राहिलो. इकडचे लोक आम्हाला ‘रायर’ म्हणतात. मला दवाखान्यात गेटवरच्या दरवानापासून सगळे ‘रायरे’ अशीच हाक मारत. रायरांच्या मुलानं मिशनच्या दवाखान्यात जाऊन कोणाकोणाच्या जखमा धुवाव्यात हे आईला मरेपर्यंत पटलं नाही. रोज परत आलो की ती परसदारीच अडवायची.

“काय रे, आज कोण्हाला शिवलास?”

“कोण्हालाच नाही. चिमट्यानं काम केलं.”

“आणि तो चिमटा तू शिवलास की!”

“चिमटा उकळतात, आई. अर्धा तास. खदखदा.”

उकळणं म्हटल्यावर तिचं समाधान व्हायचं. अग्नीतून निघालेल्या वस्तूला विटाळ नाही. तरी विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय सांबार-भात मिळत नसे. सांगायचं काय, तर दवाखान्याची शास्त्रीय स्वच्छता आणि आमच्या आईचं सोवळं या दोघांनी संगनमत करून मला चिमटा दिला होता. मी दोघांनाही खूश ठेवून होतो, आणि स्वतःवर तर फारच खूश होतो.

दवाखान्याच्या मुख्य होत्या डॉक्टरम्मा. गोऱ्या, उंच, हाडकुळ्या, तमिळ बोलायच्या ते पुस्तकातून पाठ केलेलं, इतकं शुद्ध की खेडवळ रोग्यांना वाटायचं बाई मंत्र म्हणतायत. त्यांची श्रद्धा मोठी सरळ होती. येशूनं मरणाच्या आदल्या दिवशी कमरेला पंचा बांधून आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा ज्याला येशूचं म्हणवून घ्यायचंय त्यानं वाकावं आणि पाय धुवावेत, बस्स. “मिस्टर राव, सेवा म्हणजे वाकणं,” त्या मला म्हणायच्या. माझी कंबर त्या हिशेबानं केव्हाच ख्रिस्ती झाली होती.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी डॉक्टरम्मा दरवर्षी एक पत्र्याची बादली घेऊन पुरुषांच्या वॉर्डात शिरायच्या आणि बारा रोग्यांचे पाय धुऊन निघून जायच्या. कोणाला फार कळायचंही नाही. मग दवाखान्याला मॅनेजर आले, अरुळप्पा पिळ्ळै, आणि त्यांनी ही नम्रता हातात घेतली.

नम्रतेत पिळ्ळैंचा हात कोणी धरू शकत नसे. पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, खांद्यावर जरीकाठी अंगवस्त्र, आणि बोलताना नजर जमिनीकडे. पण त्यांच्या चर्चमध्ये त्यांच्या घराण्याचा बाक पुढचा, आणि कोणी कुठल्या बाजूला बसायचं हे त्यांच्या आजोबांच्या आजोबांनी ठरवून ठेवलेलं. धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या घराण्यानं जात तेवढी बरोबर नेली होती. मी त्यांना मनातल्या मनात खूप हसायचो. मला तो हक्क आहे असं मला वाटायचं, बघा.

पिळ्ळैंनी बादली अडगळीत टाकली. पितळी घंगाळ आलं, क्रूस विणलेले बारा रुमाल आले, अंगणात मांडव पडला, फोटोग्राफर आला. पाय धुवायला बाहेरून चर्चचे थोर अय्या, म्हणजे मोठे पाद्री, येऊ लागले. आणि तालमी सुरू झाल्या! वाकायचं कसं, गुडघा कुठला आधी टेकायचा, पाणी किती. “थेंबभर पुरे,” पिळ्ळै समजावून सांगत, “अय्यांची बाही भिजता कामा नये.” नम्रतेच्या या तालमींसाठी ड्रेसिंगच्या खोलीतले स्टूल लागत, म्हणून त्या आठवड्यात माझे रोगी जमिनीवर बसत.

सगळ्यात अवघड काम बारा माणसं निवडण्याचं, आणि ते माझ्या गळ्यात. पिळ्ळैंची अट अशी, की पायाला जखम नको, भेग नको, खरूज नको, वास तर नकोच. थोडक्यात, ज्याचे पाय दुखतात तो पाय धुण्याच्या यादीत बसत नसे. मग दमेकरी, हर्नियावाले, मोतीबिंदूवाले असे शोधायचे. बुधवारी रोसम्मा आया त्यांचे पाय घासून काढायची आणि मी बाजूला उभा राहून देखरेख करायचो. “रायरे, हे तिसऱ्यांदा घासतेय,” रोसम्मा म्हणाली एकदा, “अय्यांना धुवायला कातडी तरी शिल्लक ठेवू का नको?”

त्यात आमचे हिंदू रोगी. तिरुवैयारूचे एक गाणं शिकवणारे मास्तर होते. वडीलधाऱ्या माणसानं आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे आपलं आयुष्य कमी, असं म्हणून ते मुसमुसून रडायला लागले. एक पापनाशमचा व्यापारी लगेच तयार झाला, पण जागेवरून उठेचना. मी विचारलं, काय हवंय? तर म्हणाला, “माझ्या लग्नात सासऱ्यानं पाय धुतले तेव्हा वेष्टी आणि अंगठी दिली होती. इथे काय देतात?” पिळ्ळैंनी त्याला बायबल दिलं. ते त्यानं उलटसुलट करून पाहिलं आणि जरा उतरलेल्या चेहऱ्यानं घेतलं.

अशा एका वर्षी, माझ्या नोकरीच्या आठव्या, काळियप्पन आमच्याकडे होता. त्याची गोष्ट सांगायची म्हणूनच मी हा कागद पुढे ओढलाय.

काळियप्पन ओरत्तनाडूकडचा. त्याचं काम शेतांना पाळीनं पाणी सोडण्याचं. खांद्यावर फावडं घेऊन दिवसभर बांधाबांधानं चालायचं, इथली माती काढायची, तिथे घालायची, कोणाच्या वावरात किती पाणी गेलं ते डोळ्यांनी मोजायचं. गावाच्या बाहेरच्या वस्तीत राहायचा. चाळिशीचा, काळाकभिन्न, अतिशय गरीब स्वभावाचा. उजव्या तळव्यात काटा मोडला होता, त्याची जखम झाली होती, आणि ती मिटेना. भरायची, पुन्हा फुटायची. डॉक्टरम्मांनी आल्या दिवशी सळई घालून पाहिलं, काही लागलं नाही. काटा केव्हाच निघून गेला आणि विष तेवढं मागे राहिलं, असं ठरलं. सहा आठवडे मी रोज त्याचा तळवा धुतला. दोन चिमट्यांनी, नियमाप्रमाणे.

आणि सहा आठवडे तो रोज एकच सांगायचा. “रायरे, वर टोचतंय.” स्वतःच्या बोटानं पावलाची वरची बाजू दाखवायचा, करंगळीच्या मागची.

“अरे, जखम खाली आहे,” मी म्हणायचो. “खाली जखम आणि वर टोचतंय, असं कसं होईल? तुझा पाय आहे की वेळूची बासरी?”

शेजारचे रोगी हसायचे. तोही हसायचा.

पाय सुजत चालला. ताप येऊ लागला. ईस्टरच्या आठवड्यात डॉक्टरम्मांनी त्याच्या बायकोला, अंजलैला, बोलावून सांगितलं की विष हाडात उतरतंय, सण झाला की सोमवारी पाऊल घोट्यापासून काढावं लागेल. अंजलै व्हरांड्यात जाऊन खांबाला टेकून बसली. मी समजूत घालायला गेलो, जीव वाचतोय हे थोडं आहे का, वगैरे वगैरे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “जूनमध्ये कावेरीला पाणी सुटेल, रायरे. एका पायाच्या माणसाला बांधावर कोण उभं करील? ते काम दुसऱ्याला जाईल, आणि एकदा गेलं की आमच्या घरात परत येणार नाही. तीन पोरी आहेत.” मी रुमालांची मोजणी करायची आहे असं सांगून निघालो. खरंच मोजायचे होते, म्हणजे खोटं बोललो असंही नाही.

गुरुवार उजाडला. मांडव भरला. थोर अय्या आले, फोटोग्राफर आला, आणि ऐन वेळी आमचा बारावा माणूस, एक दमेकरी हेडमास्तर, त्याचे मुलगे येऊन गाडीत घालून घेऊन गेले. पिळ्ळैंना घाम फुटला. येशूचे शिष्य बारा, अकरा चालत नाहीत. सणासाठी बाकीचे सगळे घरी गेलेले, वॉर्डात उरले होते दोघे. एक बेशुद्ध होता, दुसरा काळियप्पन.

“काळियप्पन बसेल,” डॉक्टरम्मा म्हणाल्या.

“अम्मा!” पिळ्ळै ओरडलेच. “त्याच्या पायाला जखम आहे!”

“म्हणूनच तो दवाखान्यात आहे, मिस्टर पिळ्ळै.”

वाद संपला. काळियप्पनला दोघांनी धरून बाराव्या स्टुलावर आणून बसवलं. पिळ्ळै हळूच माझ्या कानाशी आले, “रायरे, पट्टी राहू द्या. पट्टीवरूनच रुमाल फिरवू.” पण डॉक्टरम्मांची मला खूण झाली होती. मी खाली बसलो आणि दोन चिमट्यांनी पट्टी सोडली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले.

थोर अय्यांनी चार जणांचे पाय धुतले आणि पाचव्याला त्यांच्या गुडघ्यानं संप केला. मग चर्चमधले वडीलधारे पुढे सरसावले. एवढी गर्दी झाली नम्र व्हायला, की दोघे एकाच पायावर वाकले आणि त्यांची डोकी आपटली! पाचवा झाला, आठवा झाला, अकरावा झाला. आणि बाराव्यापाशी येऊन ती सगळी नम्रता अशी काही आटली की काय सांगू. कोणी चष्मा पुसायला लागलं, कोणी प्रार्थनेचं पुस्तक चाळायला लागलं. पिळ्ळै उरलेला एक रुमाल हातात धरून उभे होते. डॉक्टरम्मा त्यांच्याकडे बघत होत्या. फोटोग्राफरही बघत होता.

पिळ्ळै बसले. दोन्ही गुडघे टेकून बसले, वेष्टी चिखलात गेली. त्यांच्या घराण्यात आजवर असं पाऊल कोणी अंगणात घेतलं नसेल, आणि ते आता त्यांच्या मांडीवर होतं. ओठ हलत होते. प्रार्थना करत होते की ओकारी दाबत होते, त्यांचं त्यांना ठाऊक. तळव्याकडे बघायचं धैर्य त्यांना झालं नाही. डोळे गच्च मिटून त्यांनी पाणी ओतलं आणि पावलाच्या वरच्या बाजूवरून, जिथे जखम नव्हती तिथून, अंगठा दाबून फिरवला. लवकर उरकावं म्हणून जोरात फिरवला.

काळियप्पन असा किंचाळला की घंगाळ कलंडलं.

“मी काही नाही केलं!” पिळ्ळै घाबरून म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले आणि अंगठा पुन्हा तिथेच नेला, अगदी हळू. “अम्मा, इथे काहीतरी आहे. आत. कडक लागतंय. हे बघा, हलतंय.”

डॉक्टरम्मा चिखलातच बसल्या. त्यांनीही बोटानं चाचपलं. मग मांडव, अय्या, फोटो, सगळं तिथेच टाकून त्यांनी काळियप्पनला आत नेलं, आणि अर्ध्या तासात वरच्या बाजूनं कातडी उघडून बाभळीचा काटा काढला. बोटाच्या दोन पेरांएवढा, काळा पडलेला, सुजेत आडवा रुतलेला. तळव्यातून शिरून तो आतल्या आत वर सरकला होता. खालून सळई घालणाऱ्याला तो कधीच लागला नसता. वर नुसता अंगठा फिरवणाऱ्याला लागला.

पाय वाचला. जून यायच्या आधी काळियप्पन बांधावर होता, थोडा लंगडत, पण दोन पायांवर.

पिळ्ळैंनी त्याचा चमत्कार केला. पुढे कित्येक वर्षं ते नजर जमिनीकडे लावून सांगत, “मी कोण? परमेश्वरानं माझा अंगठा वापरला.” मी ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हा दिखाऊ माणूस, वर्षातून एकदा, फोटोसाठी, तोंड वाकडं करून पाय धुतो, आणि त्याच्या अंगठ्याला काटा लागतो! आणि मी रोज धुतो, नियमानं धुतो, दोन चिमट्यांनी गाठ मारतो! मला राग त्यांचा येत नव्हता, हे समजायला मला बरेच दिवस लागले.

त्या दुपारी डॉक्टरम्मांनी मला विचारलं, “मिस्टर राव, तो वर टोचतंय असं किती दिवस म्हणत होता?”

“सहा आठवडे.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “मी एकदाच पाहिलं, आणि तेही खालूनच,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. तो बोटानं जागा दाखवत होता. मी एकदा, फक्त एकदा, तिथे बोट टेकवलं असतं तर? वरची कातडी तर धड होती. तिथे जखम नव्हती, म्हणजे दवाखान्याचा नियमही आडवा येत नव्हता. आडवं काय आलं ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याला उकळून काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. येशूच्या मरणाचा दिवस, म्हणून दवाखान्यात सामसूम. बाहेरचे रोगी नाहीत. मी काळियप्पनच्या खाटेपाशी गेलो. ट्रेमध्ये चिमटे होते, ते तसेच राहू दिले. कोपरापर्यंत हात साबणानं घासून धुतले, खाली बसलो, आणि त्याची टाच डाव्या हातात घेतली.

त्यानं पाय झटकन मागे ओढला. नुकतेच टाके घातलेलं पाऊल, किती दुखलं असेल!

“नको, रायरे, नको!” तो म्हणाला. “तुम्हाला हे चालत नाही. घरी जाऊन विहिरीवर आंघोळ करावी लागते तुम्हाला. मला ठाऊक आहे. वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे.”

मग मी विचारलं, “काळियप्पा, तू रोज म्हणायचास टोचतंय, टोचतंय. एकदा तरी म्हणायचंस ना, हात लावून बघा म्हणून?”

तो जरा ओशाळला. मला वाईट वाटू नये म्हणून शब्द शोधत होता, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“कसं म्हणणार, रायरे?” तो म्हणाला. “तुम्ही रोज एवढं धुता माझं. पायासाठी तुम्हाला बाटवायचं का?”